लुसीचा लाल गहू

नाताळचं झाड उतरवायची विन्काबाईंची रीत ठरलेली होती. खालच्या फांद्यांपासून सुरुवात करायची. आधी लाकडी घोडे, मग काचेचे गोळे, मग माळा आणि टोकावरचा तारा सगळ्यांत शेवटी. तीन राजांचा सण उजाडला की सकाळी सातला त्या या कामाला लागत आणि चर्चमधल्या दहाच्या मिस्साची, म्हणजे सामूहिक प्रार्थनेची, घंटा व्हायच्या आत नाताळ खोक्यात बंद झालेला असे.

लोक्वित्सा या बेटावरच्या गावात प्रत्येक घराचा नाताळ आपापल्या दिवशी संपतो. धक्क्याजवळच्या टोंकोकडे तो नव्या वर्षाच्या सकाळीच आटोपतो. दोब्रिलाकडे फेब्रुवारी लागला तरी झाड हलत नाही. बाईंचा मात्र सहा जानेवारीला, साडेनऊच्या ठोक्याला. चाळीस वर्षं शाळेच्या घंटेवर काढलेल्या माणसाला सणसुद्धा वेळेवर सुटलेला लागतो.

त्या दिवशी मात्र काम पुढे सरकेना. तीन दिवस डोंगरावरून कोरडा वारा सुटला होता. खिडक्यांच्या झडपा खडखडत होत्या, झोप धड झाली नव्हती. एक गोळा हातातून निसटून पलंगाखाली गेला. तो काढायला वाकताना झाडाखाली अंथरलेल्या पोत्यावरच्या, झाडाच्या पानांच्या वाळक्या सुया जमिनीभर झाल्या. "हे आधी झटकून येऊ," असं स्वतःशीच पुटपुटत बाईंनी पोतं चारी कोपऱ्यांनी उचललं, अंगणात नेलं आणि उलटं केलं.

पोत्याच्या दुसऱ्या अंगाला एक पक्षी छापलेला होता. पक्ष्यावर लाल फुली होती. खाली ठळक अक्षरं होती : फक्त पेरणीसाठी. बियाण्याला औषध लावले आहे. माणसांनी किंवा जनावरांनी खाऊ नये.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, बोट ठेवून.

तेरा डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, बशीत ओला कापूस पसरून त्यावर गहू पेरायचा, नाताळपर्यंत तो वीतभर हिरवा करायचा, तिरंगी फीत बांधून मधोमध मेणबत्ती लावायची, ही तिथली घरोघरची चाल. गहू दाट आला तर वर्ष चांगलं. बाई निवृत्त झाल्या तरी लुसीच्या दिवशी शाळेत जाऊन मुलांकडून पेरून घ्यायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. दरवर्षी दाणा म्हाताऱ्या बेपोच्या कोठारातून यायचा. बेपो यंदा ऑक्टोबरात गेला, कोठाराला कुलूप लागलं. तेव्हा बाईंनी पलीकडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या भाच्याला निरोप धाडला : "पेरायचा गहू आण." त्याने पेरायचाच आणला.

भिजत घातला तेव्हा पाणी गुलाबी झालं होतं. पहिलीतल्या रोझाने विचारलंही होतं, "बाई, हा गहू लाल का?"

"सणाचा आहे ना, म्हणून," बाई म्हणाल्या होत्या.

ते वाक्य आता अंगणात, वाऱ्यात, त्यांना जसंच्या तसं ऐकू आलं. ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही असं म्हणायची मात्र सवय नव्हती.

आणि आजच तो दिवस होता. मिस्साहून घरी आलं की गहू बाहेर काढायचा. कचऱ्यात नाही टाकायचा. नाताळात फादरनी त्यावर पवित्र पाणी शिंपडलेलं असतं, शिवाय ते अन्न. तो कोंबडीला द्यायचा, शेळीला द्यायचा, नाहीतर समुद्रात सोडायचा. हे मुलांकडून कोणी घोकून घेतलं होतं? बाईंनीच.

सात बशा होत्या. त्यांची स्वतःची खिडकीत होती. चर्चमधल्या गव्हाणीच्या देखाव्यापुढची एक आणि दोब्रिलाची एक, या दोन्ही फेब्रुवारीपर्यंत जागच्या हलणार नव्हत्या. उरल्या चार : येर्कोची, टोंकोच्या जुळ्यांच्या दोन आणि रोझाची.

खरं तर एक फोन पुरला असता. दोब्रिलाला सांगितलं की पाव तासात गावाला कळतं, चर्चच्या घंटेपेक्षा लवकर. बाईंनी फोन उचललाही. पण दोब्रिलाच्या मुलाला, आन्द्रोला, त्यांनी तिसरीत एक वर्ष मागे ठेवलं होतं. त्याला तीस वर्षं झाली. आन्द्रो आता मोठ्या जहाजावर अधिकारी आहे आणि गावात कोणाचीही काही चूक झाली की दोब्रिला म्हणते, "चालायचंच. सगळ्यांना काही बाईंसारखं बिनचूक राहता येत नाही."

बाईंनी फोन खाली ठेवला, पोत्याची घडी करून पिशवीत घातली, शाल खांद्यावरून घेतली आणि त्या पायी निघाल्या.

येर्कोचं घर सगळ्यांत जवळ. लहानपणी तो बाईंच्याच वर्गात, त्यांच्याच बाकावर बसलेला. एकटा जीव. झाड नाही, माळा नाही. नाताळ आला काय नि गेला काय, त्याच्याकडे एक मेणबत्ती आणि बाईंनी दिलेली गव्हाची बशी एवढाच सण. मिस्सालाही तो जात नसे. तो खुराड्यापाशीच होता.

"काय गं, इतक्या सकाळी? घर जळतंय की काय?"

"तो गहू हवा होता. लुसीचा." बाईंना धाप लागली होती. "शाळेत प्रदर्शन आहे."

"सुट्टीत?"

"सुट्टीनंतर. तयारी नको का करायला?"

येर्कोने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग आत जाऊन बशी आणली. बशीत अर्धाच गहू होता, सुरीने कापून काढावा तसा.

"अर्धा पहाटेच घातला कोंबड्यांना. आदल्या दिवशी सांगायचंस."

खुराड्यात मुळांची गादी उलटी पडली होती आणि पाच कोंबड्या ती उकरून दाणे वेचत होत्या. ठिपकेवाली सगळ्यांत पुढे. बाई जाळीपर्यंत गेल्या.

"छान दिसतायत कोंबड्या," त्या म्हणाल्या.

"दिसतायत खऱ्या," येर्को म्हणाला.

उरलेली बशी पिशवीत घालून गल्लीच्या वळणापर्यंत बाई भरभर चालल्या. वळणावर थांबल्या. परत फिरावं, सांगावं, एका वाक्याचं तर काम. पण आधी मुलांच्या बशा, माणसं आधी, कोंबड्या नंतर, असं त्यांनी मनाला समजावलं, आणि ते कारण खरं असूनही आपण ते कशासाठी वापरतोय हे त्यांना नीट कळत होतं. पाठीमागून कोंबड्यांची कलकल ऐकू येत राहिली, बाई ऐकू येण्याच्या अंतरापलीकडे गेल्या तरी.

टोंकोच्या दारात झाड आडवं पडलं होतं. चंदेरी कागदाची एक पट्टी वाऱ्याने फडफडत होती. आत टोंकोची बायको मिरेला नाताळातला शेवटचा तळणीचा डबा पुसून काढत होती आणि दहा वर्षांचे जुळे, निक्शा आणि लोव्रे, बेदाण्यांच्या शेवटच्या पुऱ्यांवरून भांडत होते.

"या बाई, या. घरात सण शोधू नका, मिळायचा नाही. मी एक तारखेलाच हाकलला," मिरेला म्हणाली. "पंधरा दिवस सगळे घरात! नवरा घरात, पोरं घरात, सासू घरात. बोट समुद्रात गेली तेव्हा कुठे मला श्वास आला."

"पोरांनो, तुमचा गहू कुठाय?"

"समुद्रात!" लोव्रे तोंडातल्या पुरीसकट म्हणाला. "बाबांनी बोटीवरून सोडायला लावला. मासे भरपूर मिळतात."

"आणि माझा आजोबांच्या थडग्यावर," निक्शा म्हणाला. "फुलदाणीत. का बाई?"

"प्रदर्शन आहे शाळेत. गव्हाचं."

जुळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कोणाचं प्रदर्शन? शाळेत आम्ही तिघंच आहोत," निक्शा म्हणाला.

"आणि आमच्याकडे गहू नाहीये," लोव्रे म्हणाला. "म्हणजे फक्त रोझाचं प्रदर्शन."

"तिचाही नाही राहणार," निक्शा म्हणाला. "तिची आई आज त्याचं सरबत करणार आहे. झाग्रेबला म्हणे सगळे पितात. हिरवंगार! रोझा काल सांगताना रडत होती."

बाईंनी पिशवी काखेत मारली. मिरेलाने विचारलं, "बाई, बसता का? पाणी देऊ?" पण बाई दाराबाहेर पोचल्या होत्या.

रोझाचं घर गावाच्या माथ्यावर. तिची आई इनेस दोन वर्षांपूर्वी झाग्रेब शहरातून नवऱ्याच्या गावी राहायला आली होती. तिचा नंबर बाईंकडे नव्हता. असता तरी फोन घरी, अर्ध्या उतरवलेल्या झाडाखाली पडला होता. टोंकोकडे विचारावं हे सुचेपर्यंत गल्ली संपली. समोर एकशे बारा दगडी पायऱ्या उभ्या होत्या. बाईंनी त्या लहानपणापासून मोजलेल्या. उजवा गुडघा गेल्या वर्षीपासून वीस पायऱ्यांनंतर धरायला लागायचा. एवढ्या चढायला पाऊण तास. आणि पहिल्याच पायरीच्या डाव्या हाताला दोब्रिलाचं दार.

दार त्यांनी ठोठावलं नाही, ढकललंच.

दोब्रिलाच्या खोलीत झाडाला सुया जवळजवळ उरल्या नव्हत्या. नुसत्या काड्यांवर गोळे लटकलेले. आन्द्रोचं जहाज जानेवारीच्या अखेरीस बंदराला लागतं. तोपर्यंत त्या घरात नाताळ थांबून राहतो. टेबलावर एक बदामी केक फडक्यात गुंडाळून ठेवलेला, तोही त्याच्याचसाठी.

"अरे वा! बाई आमच्या घरी!" दोब्रिला मिस्सासाठी कानातले घालत होती. "काय चुकलं आमचं?"

"दोब्रिलाबाई, शाळेत प्रदर्शन..." एवढं म्हणून बाई थांबल्या. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "नाही. प्रदर्शन नाही. माझ्याकडून चूक झाली. गव्हाला विष आहे. फवारणीचं, बियाण्याचं. मी पोतं वाचलंच नाही. इनेस त्याचं सरबत करतेय आणि तिचा नंबर तुझ्याकडे आहे."

दोब्रिलाच्या एका कानात कुडं होतं, दुसरं हातात. ते तिने टेबलावर टाकलं आणि फोन उचलला.

"भांडू नंतर," ती म्हणाली.

घंटी वाजत राहिली. पाच वेळा, सहा वेळा. मग फोन उचलला गेला, पण बोलण्याऐवजी मिक्सरची घरघर ऐकू आली.

"इनेस! बंद कर ते!" दोब्रिला एवढ्याने ओरडली की झाडावरच्या शेवटच्या सुयाही पडल्या असतील. "बंद! मिक्सर बंद कर! गहू पिऊ नका!"

घरघर थांबली.

"काय झालं काकू? हा दुसरा घाणा आहे. पहिला मी घेतला. अर्धा ग्लास. कडू होता."

बाई पुढे झाल्या. "रोझा," त्या म्हणाल्या. "रोझा विचार."

"रोझाने घेतला का गं?"

"कुठली घेते! अर्धा तास पेल्यासमोर बसून रडतेय. म्हणे बाईंनी सांगितलंय, लुसीचा गहू कोंबडीला द्यायचा असतो, माणसांनी प्यायचा नसतो. किती समजावलं मी तिला. का?"

मग सगळं एकापाठोपाठ झालं. दोब्रिलाने बेटावरच्या दवाखान्यात फोन लावला. सणाची सुट्टी असली तरी एक डॉक्टर ड्युटीवर होती. तिने विचारलं, औषधाचं नाव काय? पोतं आहे का? बाईंनी पिशवीतून पोतं काढून टेबलावर पसरलं. कोपऱ्यातली अक्षरं मुंगीएवढी होती आणि चष्मा घरी. दोब्रिलाने आपला चष्मा काढला आणि बाईंच्या नाकावर बसवला, लहान मुलाला टोपी घालावी तसा.

"वाचा बाई. मोठ्याने."

बाईंनी वाचलं. एकेक अक्षर सुटं करून, पहिलीतल्या मुलासारखं. पलीकडे डॉक्टर लिहून घेत होती. तिने दोन-तीन प्रश्न विचारले : दाणा भिजवला होता का, पाणी फेकलं का, किती दिवसांचं रोप, पानं घेतली की मुळं? मग म्हणाली, पानांच्या रसाने बहुधा काही होणार नाही. दाणे खाल्ले असते तर गोष्ट वेगळी. पण इनेसला एकटं ठेवू नका, संध्याकाळपर्यंत नजर ठेवा, मळमळ झाली, घाम सुटला, तर लगेच कळवा. तीनला मी स्वतः फोन करते.

"दाणे," बाई म्हणाल्या. "येर्कोच्या कोंबड्यांनी दाणे खाल्लेत."

"लावते त्याला फोन."

"नको. हे मला पायी जाऊनच सांगू दे."

दोब्रिलाने दुसरं कुडं उचललं, घातलं नाही, खिशात टाकलं. "मी वर इनेसकडे जाते. माझे गुडघे अजून ठीक आहेत. मिस्सा राहू दे, देवाला कळेल," ती म्हणाली. दारात जरा थांबली. "आन्द्रोला मागे ठेवलंस तेव्हा मला एकदा घरी येऊन सांगितलं असतंस ना, तर मी तीस वर्षं बोलत बसले नसते. चिठ्ठी पाठवलीस तू. त्याच्याच दप्तरातून."

बाईंनी पोत्याची घडी घातली तोवर दोब्रिला पायऱ्या चढायला लागलीसुद्धा.

येर्को खुराड्याबाहेर पालथ्या बादलीवर बसला होता. गव्हाची उकरलेली गादी खुराड्यात नव्हती. ती त्याच्या पायाशी एका जुन्या तसराळ्यात होती. चार कोंबड्या आडोशाला उभ्या होत्या, पाणी पीत होत्या. ठिपकेवाली गोणपाटावर आडवी होती.

"गेली," येर्को म्हणाला. "आत्ताच."

"येर्को, तो गहू..."

"वाईट होता. समजलं मला. तू गेलीस आणि मी लगेच काढून घेतला."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या कानांनी. खोटं बोललीस की लाल होतात. पहिलीत माझी पेन्सिल घेतलीस तेव्हापासून बघतोय. आणि प्रदर्शनासाठी धापा टाकत कोण येतं?" त्याने पायाने तसराळं ढकललं. "पण तोवर हिने पोटभर खाल्लं होतं. हिचं असंच, सगळ्यांत पुढे."

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हवं होतंस."

त्याने गोणपाटाचा कोपरा कोंबडीवर ओढला. बाईंना तो "असू दे" म्हणेल अशी आशा होती आणि त्याने म्हटलं नाही हेच बरं, असंही वाटलं.

"माझ्याकडची तपकिरी देते. चांगली घालते अंडी."

"नको. सवय व्हायला वर्ष जातं कोंबडीला." मग बादलीवरून उठत तो म्हणाला, "अंडी दे. ईस्टरपर्यंत."

तीन वाजता दवाखान्यातून फोन आला तेव्हा इनेस दोब्रिलाच्या पायरीवर कोट गुंडाळून बसली होती. चेहरा पांढरा, पण तो भीतीने की रसाने, ते तिलाही सांगता येत नव्हतं. तिच्या बाजूला दोब्रिला, हातात लिंबाचं पाणी. इनेस बाईंवर चिडली होती. "झाग्रेबला निदान पुडीवर काय लिहिलंय ते वाचतात," ती म्हणाली. बाईंनी मान हलवली. ते खरंच होतं. डॉक्टर म्हणाली, आता काळजीचं कारण नाही, रात्री साधं खा.

चर्चमधली बशी दोब्रिलाने किल्ली घेऊन काढून आणली होती. तिची स्वतःचीही आणली. "आन्द्रोला सांगेन, यंदा वारा फार होता," एवढंच म्हणाली. येर्कोने आपल्या वापरात नसलेल्या जमिनीच्या तुकड्यात, कोणाची शेळी पोचत नाही अशा भिंतीआड, कमरेएवढा खड्डा खणला. कचऱ्यात गहू जाणार नव्हता. तेवढं तरी पाळायचं होतं. खाली ठिपकेवाली, वर गहू, त्यावर दगड. निक्शाने आजोबांच्या थडग्यावरचाही उपटून आणला. लोव्रेला वाईट वाटत होतं, कारण त्याच्याकडे आणायला काहीच नव्हतं.

"मासे मेले असतील का, बाई?"

"एका बशीने बहुतेक नाही. पण मला नक्की माहीत नाही. विचारून सांगते."

लोव्रेने निक्शाकडे पाहिलं. बाईंच्या तोंडून हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं नव्हतं.

"बाई, पोत्यावर लिहिलेलं होतं?" निक्शाने विचारलं.

"हो. मोठ्या अक्षरांत."

दोघं एकदम, वर्गात बाई घोकून घ्यायच्या त्या सुरात, म्हणाले, "आधी वाचा, मग करा!" आणि मग आपण काय बोललो ते कळून येर्कोच्या मागे लपले. येर्को हसला, त्या दिवशी पहिल्यांदाच. बाईंचे कान लाल झाले, पण त्याही थोड्या हसल्या.

रोझा हसली नाही. ती खड्ड्याच्या काठाशी रिकामी बशी छातीशी धरून उभी होती. वाऱ्याने तिची टोपी सारखी डोळ्यांवर येत होती आणि ती सारखी वर सारत होती.

"बाई," ती म्हणाली, "गहू लाल का होता?"

"औषधाचा रंग होता तो. लोकांना दिसावा म्हणून लावतात, खाऊ नये म्हणून."

"पण तुम्ही म्हणालात, सणाचा म्हणून."

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

रोझाने विचार केला. टोपी वर सारली.

"मग तसं का नाही सांगितलंत?"

येर्कोने फावडं भिंतीला टेकवलं. पायरीवरून दोब्रिलाही उठून आली होती. ती दोन पावलं मागे उभी राहिली. घरी झाडावर तारा तसाच होता आणि साडेनऊ कधीच वाजून गेले होते. बाईंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूहळू दगडावर बसल्या, रोझाच्या उंचीला आल्या. उत्तर शोधायला त्यांना वेळ लागत होता. मुलं थांबली.